कुंभारणीचे घर पाडू नका

आमच्या पडवीत वाशाला कुंभारीण माशीने मातीचे घर बांधले होते. आजीने जाळी झाडताना ते पाडले. आत हिरव्या अळ्या निघाल्या. मेल्या नव्हत्या, पण हलतही नव्हत्या.

गुरुजींनी सांगितले, कुंभारीण नांगी मारून अळीला लुळी करते. घरात अंडे घालते, अळ्या भरते नि तोंड मातीने लिंपते. पिल्लू त्या अळ्या खाऊन वाढते. मी म्हटले, "अगं आजी, अशाच अळ्या आपली भेंडी पोखरतात ना?" आजी गप्पच झाली.

गांधीलमाशीही अळ्या मारते. पण तिचे पोळे मोठे, आणि छेडले तर सगळ्या मिळून चावतात. तिला दगड मारू नये. पोळे दारावर असेल तर मोठ्यांना सांगावे. कुंभारीण मात्र एकटी असते. हातात धरली नाही तर सहसा चावत नाही. मग दोघींना एकच शिक्षा का?

आता खिडकीत नवे घर झाले आहे. बाबांच्या मोबाइलवर मी रोज लांबून त्याचा फोटो काढते. घराला भोक पडले की पिल्लू उडाले समजायचे. मग खुशाल झाडा. तोवर झाडू आवरा!

— एक विद्यार्थिनी, इयत्ता ४ थी