‘ते डोक्यातच असावं लागतं’: वैमानिक चाचणी आणि आपल्या अभ्यासिका



स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिका आता आपल्या वस्त्यावस्त्यांत निघाल्या आहेत. पोलीस भरतीसाठी पहाटे पळणारी आपली मुलेमुली कुठल्याही तालुक्याच्या मैदानावर दिसतात. पण हवाई दलाच्या वैमानिक शाखेचा फॉर्म भरायचे कितीजणांच्या मनात येते? कोणी भरलाच तर ‘एफकॅट’चे इंग्रजी आणि गणित घोकतो. घन फिरवण्याचे, लपलेली आकृती शोधण्याचे प्रश्न मात्र सोडून देतो. का? तर ‘ते डोक्यातच असावं लागतं’. आमचे भांडण या वाक्याशी आहे.

हे वाक्य आपल्याला नवीन नाही. ‘लढाऊ जाती’ जन्मानेच लढाऊ असतात, असे म्हणत इंग्रजांनी १८९० च्या दशकात महारांची लष्करभरती बंद केली. गोपाळबाबा वलंगकरांनी त्याविरुद्ध अर्ज लिहिला. पुढे बाबासाहेबांच्या पाठपुराव्यानंतर १९४१ मध्ये महार रेजिमेंट उभी राहिली. मधल्या काळात रक्त बदलले नव्हते, दरवाजा उघडला होता. ज्यांच्या पूर्वजांना जन्माचे कारण सांगून बाहेर काढले, त्यांनीच आज आकृत्यांच्या प्रश्नापुढे जन्माचे कारण सांगावे?

आता विज्ञान काय सांगते ते पाहू. १९७१ मध्ये शेपर्ड आणि मेट्झलर या मानसशास्त्रज्ञांनी लोकांना ठोकळ्यांच्या आकृत्यांच्या जोड्या दाखवल्या. दोन्हींतला कोन जितका मोठा, तितका उत्तराला वेळ जास्त लागला. म्हणजे माणूस आकृती मनात खरोखर फिरवत असतो. ती एक क्रिया आहे आणि क्रिया सरावाने सुधारते. २०१३ मध्ये २१७ अभ्यासांचा एकत्र आढावा प्रसिद्ध झाला. त्यात सरावाने हे कौशल्य वाढते, टिकते आणि स्त्री-पुरुष दोघांचेही वाढते, असेच दिसले. सगळेच वैमानिक होतील असे आम्ही म्हणत नाही. या शाखेसाठी दृष्टी तपासतात, उंची आणि पायाची लांबीही मोजतात. पायाची लांबी सरावाने बदलत नाही, आकृती फिरवण्याचा वेग बदलतो. एवढाच आमचा दावा आहे.

आणि इथे उशीर महाग पडतो. एफकॅट वयोमर्यादेत पुन्हा देता येते. तिथे १०० प्रश्न, २ तास, बरोबर उत्तराला ३ गुण, चुकीला १ वजा. पण पुढे निवड मंडळात जी संगणकीकृत वैमानिक निवड चाचणी होते, ती आयुष्यात एकदाच. नापास झालात की वैमानिक शाखा कायमची बंद. एनडीएतून हवाई दलाच्या उड्डाण शाखेत जाणाऱ्यालाही ती चुकत नाही. अधिकाऱ्याच्या घरातल्या पोराला हे जेवणाच्या ताटावर कळते. आपल्या पोराला कळते तेव्हा तो त्या खोलीत बसलेला असतो. सैन्यदलांच्या अधिकारी भरतीत जातीचे आरक्षण नाही, म्हणून तयारीतली ही दरी भरून काढणारे दुसरे काही तिथे नाही.

त्या चाचणीत विमानाची उपकरणे वाचायची असतात. सर्वांत जास्त फसवते ते कृत्रिम क्षितिज. वर निळे आकाश, खाली तपकिरी जमीन, मध्ये विमानाचे स्थिर चिन्ह. विमान उजवीकडे कलले की क्षितिजाची रेषा डावीकडे खाली उतरलेली दिसते. नवखा रेषेकडे बघून ‘डावीकडे’ असे उत्तर देतो. रेषा बघू नका, चिन्हाचा कोणता पंख तपकिरी भागात गेला ते बघा. तीच कलण्याची बाजू. पटत नसेल तर आत्ता मान उजव्या खांद्याकडे झुकवा आणि समोरची चौकट कुठे कलते ते पाहा. होकायंत्रावर ९० म्हणजे पूर्व, १८० दक्षिण, २७० पश्चिम. विचार न करता हे सुचले पाहिजे. उंचीमापकात लांब काटा शेकड्यांचा, आखूड हजारांचा.

आकृत्यांच्या पर्यायांत बहुतेक वेळा एक आरशातले प्रतिबिंब घुसवलेले असते. डाव्या पायाची चप्पल कशीही फिरवली तरी ती उजव्या पायाची होत नाही. हे हातात चप्पल घेऊनच शिकवावे, फळ्यावर नव्हे. काडेपेटी उलगडा, बाजूंवर खुणा करा, घडी घालण्याआधी कोणती खूण कोणासमोर येईल ते सांगा. ज्यांनी आयटीआयमध्ये यांत्रिक रेखाटन केले आहे, ज्यांच्या घरी सुतारकाम किंवा शिवणकाम आहे, त्यांची नजर याला आधीच सरावलेली असते. फक्त त्याला कोणी ‘गुणवत्ता’ म्हटलेले नसते. रोज वीस मिनिटे, घड्याळ लावून, तीन-चार महिने. हात आणि पाय एकाच वेळी चालवण्याची चाचणी मात्र कागदावर होत नाही. त्यासाठी जुना संगणक आणि एक साधी जॉयस्टिक लागते.

वैमानिक शाखेची वयोमर्यादा २० ते २४ आहे. म्हणून पदवीच्या शेवटच्या वर्षाची वाट न पाहता हे अकरावीतच सुरू व्हावे, आणि मुलींना पहिल्या बाकावर बसवून. २०१६ पासून त्या लढाऊ विमाने उडवत आहेत, २०२२ पासून एनडीएतही आहेत. येत्या जयंतीच्या वर्गणीतून डीजेचा एक तास कमी करा. तेवढ्यात जॉयस्टिक येते.