धाकटीला कोण घेणार?

दोन लहान मुली असलेल्या घराची दिनचर्या ज्यांनी जवळून पाहिली आहे, त्यांना हे निराळे सांगावयास नको की, अशा घरात सकाळपासून रात्रीपर्यंत जे शंभर प्रश्न उपस्थित होतात, त्यांतील बहुतेकांच्या मुळाशी एकच प्रश्न असतो: धाकटीला कोण घेणार? पोळ्या लाटावयाच्या आहेत, धाकटीला कोण घेणार. थोरलीच्या वेण्या घालावयाच्या आहेत, तिची वही सापडत नाही, दारात कोणी आले आहे, आणि धाकटी नेमकी त्याच क्षणी दोन्ही हात वर करून उभी. इंग्लंडातील आमच्यासारख्या घरांनी या प्रश्नावर आपापले तोडगे काढले आहेत. नर्सरी आहे, सहा महिन्यांच्या व्हिसावर आलेली आजी आहे, घरी बसून कचेरीचे काम करणारा बाप आहे. आणि हे तिन्ही उपाय थकले म्हणजे मग, "ताई, जरा बघ ना तिच्याकडे," असे थोरलीला सांगितले जाते. ती कुरकुरत उठते, पाच मिनिटे बघते, धाकटी तिचे चित्र फाडते, दोघी रडतात, आणि प्रकरण दप्तरदाखल होते.

माझा जन्म तळोद्याचा, आणि माझे वडील त्या बाजूच्या खेड्यांतून शिक्षक होते. त्यांच्या हजेरीपटात मुलींच्या नावांसमोर गैरहजेरीच्या फुल्या असत, आणि शेऱ्याच्या रकान्यात त्यांच्या वळणदार अक्षरात वारंवार एकच मजकूर असे: 'भावंड सांभाळते.' आमच्या घरी जी पाच मिनिटांची गोष्ट आहे, ती नंदुरबार जिल्ह्यातील सातपुड्याच्या पाड्यांवर, ऊसतोडीच्या मुक्कामावर आणि मिरचीच्या पथारीवर सबंध दिवसाची, किंबहुना सबंध बालपणाची गोष्ट आहे. आणि तेथे प्रश्न विचारला जाण्यापूर्वीच उत्तर ठरलेले असते. धाकटीला थोरली घेणार. या ठरलेल्या उत्तराकडे इंग्लंडातील आपल्या मराठी मंडळासारख्या दानशूर संस्थांनी आजवर डोळेझाक केली आहे, आणि ती केल्यामुळे आपले पुष्कळसे दान वाया गेले आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळ्यापासून वेगळा झाला. नंदुरबार, नवापूर, शहादा, तळोदा, अक्कलकुवा आणि अक्राणी (धडगाव) असे त्याचे सहा तालुके; २०११ च्या खानेसुमारीत लोकसंख्या साडेसोळा लाखांच्या घरात, आणि तीत दर शंभरांतील सुमारे एकोणसत्तर माणसे भिल्ल, पावरा, मावची, कोकणा आदी आदिवासी समाजांतील. त्याच खानेसुमारीत महाराष्ट्रातील सर्वांत कमी साक्षरता याच जिल्ह्याची ठरली. स्त्रियांमध्ये ती शेकडा ५६ च्या आसपास होती, तर राज्याची ७६ च्या आसपास. हे आकडे ऐकले की शहरातील सुशिक्षित मनुष्य क्षणाचाही विलंब न लावता निदान करून मोकळा होतो: मागासलेले लोक, त्यांना मुली नकोशा असतात, मग त्या शिकणार कशा! परंतु त्याच खानेसुमारीचे पुढचे पान उलटण्याची तसदी घेतली तर हे निदान टिकत नाही. सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे नंदुरबारात ९४४ मुली होत्या. राज्याची सरासरी ८९४. केळीच्या आणि सोन्याच्या पेठेमुळे नावाजलेल्या जळगावात ८४२, आणि बीडमध्ये ८०७. ज्यांच्यापाशी गर्भलिंगतपासणी करून घेण्याइतका पैसा होता, त्यांनीच मुलींना जन्माआधी अडवले. सातपुड्यात लग्नाच्या वेळी मुलाकडून मुलीकडे देज जातो. हुंड्याच्या चिंतेने पहिल्या दिवसापासून बापाचा चेहरा उतरावा, असे तेथे काही नाही. देजाची प्रथा निर्दोष आहे, असे माझे म्हणणे नाही; शिवाय १९५६ चा हिंदू वारसा कायदा अनुसूचित जमातींना लागू नसल्यामुळे त्या कायद्याने मिळणारा जमिनीतील हिस्सा या मुलींच्या वाट्याला येत नाही, हीही गोष्ट विसरून चालणार नाही. परंतु दोन मुली झाल्या म्हणून तेथे कोणी सुतक पाळत नाही, एवढे खरे. मुली हव्या आहेत, आणि तरीही त्या शाळेत नाहीत. मग कारण मनोवृत्तीत शोधण्याऐवजी दिवसाच्या चोवीस तासांत शोधले पाहिजे.

नंदुरबारची लाल मिरची देशभर जाते. पावसाळा संपला की ओल्या मिरचीची आवक सुरू होते आणि शहराबाहेरच्या पथारींवर ती वाळत घातली जाते; दुरून पाहणाराला जमिनीवर कोणी लाल जाजम अंथरले आहे असे वाटावे. तेथे बायका ओळीने बसून मिरची निवडतात, देठ खुडतात, उलटीपालटी करतात. तोंडाला पदर घट्ट बांधलेला असतो, तरी ठसका जात नाही. दिवसभर मिरचीत घातलेल्या हातांची आग साबणाने जात नाही, तेल चोळून थोडी कमी होते इतकेच. आणि तो हात तान्ह्या मुलाच्या गालाला, ओठाला, डोळ्याला लागला तर काय होते, हे त्या बायांना कोणी शिकवावे लागत नाही. म्हणून आई आपल्या मुलीपासून काही पावलांवर बसलेली असूनही तिला उचलत नाही. धाकटी रडते, आणि कडेच्या बाभळीला बांधलेल्या झोळीपाशी बसलेली सात-आठ वर्षांची थोरली उठून तिला कडेवर घेते, एका बाजूला कलून चालते, नाक पुसते, पाणी पाजते. ही मुलगी शाळेत गेली तर ती धाकटी मिरचीत जाईल. इतका सरळ हा हिशेब आहे, आणि तो करणाऱ्या आईला अज्ञानी म्हणणे हा निव्वळ उद्धटपणा होय.

ऊसतोडीचे प्रकरण याहून कठीण आहे. मुकादमाकडून उचल घेतलेली कुटुंबे दिवाळी उलटली की दक्षिण गुजरातच्या साखर कारखान्यांच्या मुलखात उतरतात. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो, आणि पहाटे अंधारात फडावर गेलेला तो कोयता परत येईपर्यंत पालाच्या झोपडीत चूल, भांडी आणि धाकटी यांचा कारभार थोरलीच्या हाती असतो. होळीला टोळ्या गावी परततात, तेव्हा शाळेचे वर्ष हातचे गेलेले असते. आश्रमशाळा आहे, ती थोरलीला ठेवून घेईल, असे सांगितले जाते. ठेवून घेईल हे खरे. परंतु धाकटीला ठेवून घेणारे तेथे कोणी नाही, आणि म्हणूनच थोरलीला तेथे पाठविणे आईला परवडत नाही.

आता सरकारने काय काय केले आहे ते पाहू. १९४८ च्या कारखाने कायद्याने स्त्री-कामगारांची संख्या ठराविक मर्यादेपलीकडे असेल तर पाळणाघर सक्तीचे केले. ही मर्यादा पुढे तीसवर आली. २००५ च्या ग्रामीण रोजगार हमीच्या कायद्यात, कामावर सहा वर्षांखालील पाच किंवा अधिक मुले आली असतील तर एका बाईला त्यांच्याकडे पाहण्यासाठीच नेमावे, अशी शहाणी तरतूद होती. २०१७ साली प्रसूतिलाभाच्या कायद्यात दुरुस्ती होऊन पन्नास किंवा अधिक नोकर असलेल्या आस्थापनेवर पाळणाघराची जबाबदारी आली. यांतील कोणता कायदा मुकादमाच्या टोळीला लागला? अंगणवाडीत बसावयाचे तर मूल तीन वर्षांचे असावे लागते; त्याखालच्या मुलासाठी वजन, लस आणि घरी न्यावयाचा आहार, इतकीच व्यवस्था. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याचा अंमल सहाव्या वर्षापासून. राज्य सरकारची 'लेक लाडकी' योजना घ्या: १ एप्रिल २०२३ रोजी वा त्यानंतर पिवळ्या किंवा केशरी शिधापत्रिकेच्या घरी जन्मलेल्या मुलीला जन्मानंतर ५,००० रुपये, पहिलीत गेल्यावर ६,०००, सहावीत ७,०००, अकरावीत ८,००० आणि अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर ७५,०००, मिळून एक लाख एक हजार. योजना चांगली आहे, माझी तिच्याविरुद्ध तक्रार नाही. परंतु जन्माचा हप्ता आणि पहिलीचा हप्ता यांच्यामधली वर्षे ती मुलगी कोणाच्या कडेवर काढणार, याचा विचार त्या तक्त्यात कोठेच नाही. आणि जिच्या कडेवर ती काढील, त्या थोरलीचा सहावीचा हप्ता कशामुळे बुडेल, हेही त्यात लिहिलेले सापडणार नाही.

हे सगळे नव्याने शोधून काढण्याचे कारण नव्हते, कारण महाराष्ट्रातील एका बाईने ते फार पूर्वी पाहिले होते. ताराबाई मोडक यांनी गिजुभाई बधेका यांच्यासमवेत १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला, माँटेसरी पद्धती या मातीत रुजवली, आणि १९४५ साली, शहरातील सुखवस्तू मुलांपुरते हे शिक्षण राहू नये म्हणून, तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे त्या जाऊन राहिल्या. अनुताई वाघ तेथे त्यांच्या सहकारी झाल्या. १९५७ मध्ये दोघींनी आपले काम कोसबाडच्या टेकडीवर, वारल्यांच्या वस्तीत नेले. तेथे त्यांना दिसले ते हेच: गुरे राखणारा मुलगा शाळेत येत नाही, आणि भावंड सांभाळणारी मुलगी शाळेत येत नाही. यावर उपदेश करीत न बसता त्यांनी शाळाच हलवली. गुराख्यांसाठी कुरणशाळा काढली. आणि भावंड सांभाळणाऱ्या मुलींसाठी पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा ही तिन्ही एका आवारात आणून त्या योजनेला विकासवाडी असे नाव दिले. थोरलीने धाकटीला काखेत घेऊनच यावे, दारातच तिला पाळणाघराच्या बाईच्या हवाली करावे, आणि मोकळ्या हातांनी वर्गात जाऊन बसावे. धाकटी नजरेच्या टप्प्यात, आणि थोरली पाटीसमोर. भारतीय शिक्षणाच्या इतिहासात याहून व्यवहारी कल्पना मला माहीत नाही. ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण मिळाले, अनुताईंना १९८५ मध्ये पद्मश्री मिळाली. या दोघींनी रुळवलेली अंगणवाडी २ ऑक्टोबर १९७५ पासून एकात्मिक बालविकास योजनेच्या रूपाने देशभर पोहोचली. पाळणाघर मात्र कोसबाडलाच राहिले. तिहेरी योजनेतील जो दुवा सर्वांत आवश्यक, तोच गाळून बाकीचे देशाने उचलले, ही आपल्याकडच्या कारभाराची जुनीच रीत आहे. अलीकडे केंद्र सरकारने अंगणवाडीलाच पाळणाघर जोडण्याची 'पाळणा' नावाची योजना काढली आहे, तिचे स्वागत असो.

यावर दोन आक्षेप मला ठाऊक आहेत, कारण ते मी याच मंडळाच्या कार्यक्रमांत, जेवणाच्या ताटांवर, ऐकले आहेत. पहिला असा की, बहिणीने बहिणीला सांभाळणे हा संस्कार आहे आणि पाळणाघर ही पाश्चात्त्यांची कोरडी सोय आहे. माझ्या दोन मुलींना एकमेकींवाचून करमत नाही. थोरलीने धाकटीला गोष्ट सांगावी, केस विंचरून द्यावे, तिच्यावर ताईगिरी करावी, यात मला परम संतोष आहे. परंतु संस्कार म्हणजे जो थोरलीला संध्याकाळी शाळेतून परत आल्यावर करता येतो तो. शाळेच्या मोबदल्यात जो वसूल केला जातो, त्याला वेठ म्हणतात. हा युक्तिवाद करणाऱ्या गृहस्थांपैकी एकानेही आपल्या आठ वर्षांच्या मुलीला धाकटीसाठी वर्षभर घरी ठेवल्याचे माझ्या ऐकिवात नाही. दुसरा आक्षेप आजीचा. पाड्यावर आजी असते ना? असते, तीही मजुरीला जाते, शेळ्या राखते, मोहाची फुले वेचते. आजी म्हणजे रिकामी बाई, ही समजूत निवृत्तिवेतन मिळणाऱ्या घरांतली आहे. ज्या इंग्लंडात आपण राहतो, त्या श्रीमंत देशालाही हे काम कुटुंबाच्या आतच भागवता आले नाही. म्हणूनच सप्टेंबर २०२५ पासून येथील सरकार पात्र असलेल्या नोकरदार आईबापांच्या नऊ महिन्यांपुढील मुलांसाठी वर्षातले ३८ आठवडे, दर आठवड्याला ३० तासांच्या संगोपनाचा खर्च उचलते. आपल्यातील कितीतरी घरे त्याचा लाभ घेतात, आणि घ्यावा. मग तीच गोष्ट धडगावच्या आईला मिळावी म्हटले की संस्कृती आडवी का यावी?

अडचण दुर्गमतेची आहे, असेही कोणी म्हणेल. अक्कलकुवा तालुक्यातील चिमलखेडीच्या अंगणवाडी सेविका रेलू वसावे २०२० साली, टाळेबंदीच्या दिवसांत, स्वतः होडी वल्हवीत नर्मदेकाठच्या वस्त्यांवर मुलांची वजने घेण्यासाठी आणि आहार पोहोचविण्यासाठी जात होत्या, हे वृत्तपत्रांतून आपण सर्वांनी वाचले आणि हळहळून पुढे पाठवले. अशी माणसे त्या मुलखात आहेत. त्यांना दिवसभर मुले ठेवण्यासाठी खोली, झोळ्या, दोन वेळचे शिजवलेले अन्न आणि जोडीला एक बाई देण्याची तजवीज नाही.

आपले मंडळ दर वर्षी दप्तरे पाठवते, सायकली पाठवते, मागे संगणकही पाठवले होते, आणि त्यांची छायाचित्रे मंडळाच्या याच अंकात छापली जातात. छायाचित्रात रांगेत उभ्या असलेल्या मुली त्या दिवशी शाळेत आलेल्या मुली असतात. ज्या आल्या नाहीत, त्यांना दप्तर देऊन काय उपयोग, त्यांचे दोन्ही हात गुंतलेले आहेत. तेव्हा माझी सूचना अशी की, पुढील वर्षाच्या निधीतून वस्तूंची खरेदी पूर्णपणे थांबवावी, आणि मिरचीच्या हंगामात पथारीजवळ व शाळेला लागून असलेल्या पाड्यांवर जी स्थानिक संस्था वा ग्रामपंचायत पाळणाघर चालवण्यास तयार होईल, तिला तेथे काम करणाऱ्या बायांचे मानधन आणि मुलांच्या जेवणाचा खर्च सलग तीन वर्षे द्यावा. एका वर्षाच्या दानाने पाळणाघर उघडते आणि बंद पडते. वाटप झालेल्या वस्तूंच्या यादीऐवजी त्या संस्थेकडून मागवावा तो एकच कागद, शाळेच्या हजेरीपटाचा. हा ठराव मी वार्षिक सभेपुढे मांडणार आहे. ज्यांच्या घरी दोन मुली आहेत, त्यांनी तरी त्याला अनुमोदन द्यावे.