कोल्हा खरंच लांडग्याएवढा असतो का? राजूर परिसरातल्या चर्चेत अडकलेत शेळीच्या भरपाईचे पैसे

राजूर (ता. अकोले) : "लांडग्याएवढा कोल्हा होता, गाडीसमोरून गेला." "छे, मी पाहिला तो मांजरापेक्षा जरासा मोठा." थंडी पडली की राजूर, भंडारदरा, कोतूळ भागात चहाच्या टपरीवर आणि मोबाईलच्या ग्रुपवर हा वाद हमखास रंगतो. दोघंही शपथ घेऊन सांगतात आणि बहुतेक वेळा दोघंही खरं बोलत असतात. फक्त दोघांनी पाहिलेले प्राणी वेगवेगळे असतात.

वाद करमणुकीपुरता राहिला असता तर त्याची बातमी झाली नसती. पण शेळी मेल्यावर पंचनाम्यात कोणत्या प्राण्याचं नाव लिहिलं जातं, यावर शेतकऱ्याच्या हातात पैसे पडणार की नाही हे ठरतं.

आधी नावाचा घोळ पाहू. आपल्याकडे संध्याकाळी कोल्हेकुई करतो, उसात शिरतो, मक्याची कणसं मोडतो तो कोल्हा. त्याचं वजन साधारण ८ ते ११ किलो, खांद्याजवळ उंची दीड फुटाच्या आत. दुसरा प्राणी खोकड. तो अवघा दोन-तीन किलोचा, म्हणजे घरच्या मांजराएवढाच भरतो; पण पाय लांब, कान मोठे आणि शेपटी झुपकेदार असल्यानं डोळ्याला मोठा वाटतो. खोकडाच्या शेपटीचं टोक काळं असतं, ही त्याची सोपी खूण. शाळेच्या पुस्तकातल्या इंग्रजी गोष्टींचं मराठी करताना खोकडाच्या जातभाईलाही 'कोल्हा'च म्हटलं गेलं. त्यामुळे आंबट द्राक्षांचा कोल्हा आणि काकडीला राजी होणारा कोल्हा एकच, असा समज पिढ्यान् पिढ्या चालत आला. काकडीवाला मात्र खरा आपला. कोल्हा मांसाइतकाच फळं, बोरं, ऊस यांवरही जगतो, हे जुन्या लोकांनी म्हणीतच सांगून ठेवलंय.

आता एकाच जातीत इतका फरक का दिसतो? नर मादीपेक्षा थोडा भारी असतो, पण तो फरक लांबून कळण्यासारखा नाही. खरा फरक पडतो तो वयानं, खाण्यानं आणि केसांनी. उन्हाळ्यात जन्मलेली पिल्लं दिवाळीनंतर आईबापांपासून सुटी होऊन फिरू लागतात. ती उंचीला भरलेली पण अंगानं हडकुळी असतात. हिवाळ्यात दाट केस आलेला धडधाकट नर त्यांच्या शेजारी दीडपट वाटतो. खरूज झालेल्या कोल्ह्याचे केस गळतात, शेपटी दोरीसारखी होते, कातडी काळी पडते. असा कोल्हा व्हिडिओत दिसला की "हा कुठला नवीन प्राणी?" म्हणून तो तालुकाभर फिरतो. गावाजवळ कोंबड्यांची घाण, मेलेली जनावरं उघड्यावर टाकली जातात, तिथले कोल्हे अंगानं भरलेले असतात हेही खरंच.

अमेरिकेत शिकारी लोकांत कायोटी नावाच्या प्राण्यावरून असाच वाद चालतो. तिथं फरक खरोखर मोठा आहे. कायोटी ७ किलोपासून २० किलोपर्यंत आढळतो, कारण थंड प्रदेशातले प्राणी अंगानं मोठे होतात आणि पूर्वेकडच्या कायोटींत लांडग्याचं रक्तही मिसळलंय. तरीही मारलेलं जनावर पुढे धरून काढलेल्या फोटोत ते दुप्पट दिसतं, ही गंमत तिथंही आहेच. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं शिकारीला बंदी आहे, त्यामुळे काटा लावून कुणी कोल्हा मोजत नाही. मोजतो तो गाडीचा दिवा, रात्रीचा अंधार आणि मोबाईलचा कॅमेरा. तिघंही आकार सांगायच्या कामाचे नाहीत.

लांडगा २० किलोच्या आसपासचा, कोल्ह्याच्या दुप्पट. त्याचं घर म्हणजे कर्जतकडचं कोरडं माळरान. राजूरची भाताची खाचरं आणि घाटमाथ्याचं रान हा त्याचा मुलूख नव्हे. इथं "लांडगा दिसला" असं कुणी म्हटलं, तर आधी तरसाचा विचार करावा. मागचा भाग उतरता, अंगावर पट्टे आणि मानेवर आयाळ असेल तर तो तरस. नाहीतर गावचं मोकाट कुत्रं. पुणे जिल्ह्यात लांडगा आणि कुत्र्याचा संकर झाल्याचं जनुकीय तपासणीतून २०२३ मध्ये सिद्ध झालं. त्यामुळे माळरानाकडच्या तालुक्यांत विचित्र रंगाचा 'लांडगा' दिसला तर ती अफवाच असेल असंही नाही.

अकोले तालुक्यात कोणते प्राणी फिरतात, हे अंदाजावर सोडायची गरज नाही. विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी अकोल्याच्या शेतशिवारात कॅमेरे लावून केलेला अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. दर चौरस किलोमीटरला तीनशेच्या वर माणसं राहणाऱ्या भागात १०० चौरस किलोमीटरमागे सुमारे पाच बिबटे आणि साधारण तितकेच तरस असल्याचं त्यात आढळलं. कोल्हा, खोकड, रानमांजर असे लहान प्राणीही त्याच शिवारात फिरत होते. पुढच्या अभ्यासात दिसलं, की इथल्या बिबट्याच्या खाण्यात सर्वात मोठा वाटा कुत्र्यांचा, ३९ टक्के. म्हणजे एकाच बांधावरून रात्रभरात पाच-सहा प्रकारचे प्राणी जाऊ शकतात. सकाळी सगळ्यांचं नाव 'बिबट्या' किंवा 'कोल्हा' एवढंच उरतं.

इथंच पैशाचा प्रश्न येतो. ऑगस्ट २०२२ च्या शासन निर्णयानुसार शेळी-मेंढी मेल्यास बाजारभावाच्या ७५ टक्के किंवा १५ हजार रुपये, यातली कमी असेल ती रक्कम मिळते. गाय, म्हैस, बैलासाठी ही मर्यादा ७० हजार आहे. भरपाईच्या यादीत बिबट्या, लांडगा, तरस यांच्यासोबत कोल्हाही आहे. कुत्रं नाही. "आमच्या शेळीला बिबट्यानं मारलं" असं सांगून माग कोल्ह्याचा निघाला तर पंचनाम्यात शंका उभी राहते. माग कुत्र्याचा निघाला तर विषयच संपतो. मोठा प्राणी सांगितला म्हणजे जास्त पैसे मिळतील, हा समज चुकीचा आहे. रक्कम मेलेल्या जनावरावर ठरते, मारणाऱ्याच्या आकारावर नाही.

म्हणून नजरेपेक्षा ठसा महत्त्वाचा. ठशाशेजारी काडेपेटी ठेवून बरोबर वरून फोटो काढावा. खोकडाचा ठसा काडेपेटीच्या लांबीपेक्षा लहान, कोल्ह्याचा जवळजवळ तेवढाच, बिबट्या आणि लांडग्याचा त्याहून मोठा. बिबट्याच्या ठशात नखं उमटत नाहीत. कोल्हा, कुत्रं, लांडगा, तरस यांची उमटतात. तरसाचा पुढचा पंजा मागच्यापेक्षा मोठा असतो. कुत्र्याचा आणि कोल्ह्याचा ठसा ओळखणं जाणकारालाही जड जातं, तिथं जखमा पाहाव्या लागतात. बिबट्या बहुधा नरडं धरतो आणि शिकार ओढून नेतो. कुत्री मागच्या बाजूनं लचके तोडतात, एका रात्रीत तीन-चार शेळ्या फाडून न खाताच सोडून देतात. कोल्ह्याची मजल सहसा करडू-कोकरापर्यंतच.

मेलेलं जनावर जागेवरून हलवू नये आणि ४८ तासांच्या आत वनविभागाला कळवावं. कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याच्या हद्दीतल्या गावांना वन्यजीव विभागाचं राजूरचं कार्यालय जवळ पडतं. १९२६ हा वनविभागाचा टोल फ्री नंबरही आहे. "दोन दिवस वाट पाहू" म्हणत जनावर पुरून टाकलं, की पंचनामा कशाचा करायचा हा प्रश्न उरतो.

दुसरी बाजू खोकडाची. हा प्राणी उंदीर, टोळ, सरडे, बोरं खातो. शेळीला हात लावणं त्याच्या ताकदीबाहेरचं आहे. तरी 'कोल्ह्याचं पिल्लू' म्हणून त्याच्या बिळात धूर केला जातो किंवा विष टाकलं जातं, आणि मग त्याच शेतात उंदीर वाढल्याची तक्रार होते. कोल्ह्याबाबत मात्र एक काळजी खरी आहे. २०२४ मध्ये मुंबईत चेंबूर-ट्रॉम्बे भागातल्या कोल्ह्यांत रेबीज आढळला होता. दिवसाढवळ्या माणसावर धावून येणारा, तोंडातून लाळ गळणारा कोल्हा लहान असो वा मोठा, त्याच्यापासून लांब राहावं. चावला तर जखम साबण लावून पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली धुवावी आणि त्याच दिवशी ग्रामीण रुग्णालय गाठून रेबीजची लस सुरू करावी.