पिंपळाची वही

२०२५ सालची रथसप्तमी होऊन दोन दिवस झाले होते. सकाळचा चहा घेऊन मी गॅलरीत उभा होतो. समोरच्या पिंपळाकडे सहज नजर गेली आणि कप हातातच राहिला. नदीच्या बाजूच्या फांदीवर तांबूस, कोवळी पाने उलगडली होती. माघ शुद्ध नवमी! शेजारच्या आजी अजून कानटोपी घालून दुधाला जात होत्या, आणि हे झाड चैत्रपालवी मिरवीत उभे!

खरे सांगायचे तर आजींची कानटोपी केवळ सवयीची होती. थंडी म्हणावी अशी त्या महिन्यात पडलीच नाही. महिना संपला तेव्हा वर्तमानपत्रात आलेच, की १९०१ पासूनच्या नोंदी पाहता भारतातला हा सर्वांत उष्ण फेब्रुवारी. पण त्या सकाळी ही बातमी यायची होती. मी आपला घरात वळून म्हणालो, "अगं, पिंपळाला यंदा लवकर पालवी आली!"

"कशावरून लवकर?" स्वयंपाकघरातून प्रश्न आला.

आमच्या सौ.चे प्रश्न नेहमी असेच दोन शब्दांचे असतात आणि त्यांची उत्तरे द्यायला मला दोन दोन दिवस लागतात. या प्रश्नाला तर वर्ष पुरले नाही. कारण या 'कशावरून'चे उत्तर एकेकाळी आमच्या घरात लिहून ठेवलेले होते, आणि ते पुढे लिहायचे काम माझे होते.

आमचे वडील, आम्ही त्यांना तात्या म्हणत असू, हवामानखात्यात कारकून होते. १९२८ साली या खात्याचे मुख्य ठाणे सिमल्याहून पुण्यास आले. म्हणून त्या इमारतीला पुणेकर 'सिमला ऑफिस' म्हणू लागले. मुख्य कचेरी पुढे दिल्लीला गेली, पण नाव चिकटले ते चिकटलेच. तात्यांचे आयुष्य तिथे आकडे उतरवून काढण्यात गेले. ठिकठिकाणचा पाऊस, ठिकठिकाणचे तपमान. अक्षर मोत्यासारखे, आणि खाडाखोडीचा मनस्वी तिटकारा.

आमचा वाडा नारायण पेठेत, नदीपासून हाकेच्या अंतरावर. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले तेव्हा मी आठ वर्षांचा होतो. पाणी ओसरल्यावर आम्ही परत आलो, तो वाड्याची मागची बाजू बसलेली आणि घरात मांडीभर चिखल. आई तिथेच बसून रडू लागली. पिंपळ मात्र पारासकट उभा होता. त्या वर्षी आम्ही कुटुंब म्हणून कसे सावरलो ते मला नीट आठवत नाही. पण पुढच्या वसंतात तात्यांनी एक वही घातली, ते आठवते. पहिल्या पानावर तिथी, आणि समोर शेरा : 'पुरानंतरची पहिली पालवी.'

तेव्हापासून दर वर्षी एक ओळ. नियमही ठरलेला. नदीच्या बाजूची तीच फांदी, ओट्यावरची तीच जागा, आणि पहिले पान पूर्ण उलगडलेले दिसेल तो दिवस. शेजारी 'शेरा' म्हणून एक रकाना. १९७३ च्या ओळीत, 'गतवर्षी दुष्काळ. पालवी विरळ.' आणखी एका ठिकाणी, 'पार नव्याने बांधला. मुळांस धक्का.' शेवटची ओळ १९९३ ची. पुढच्या हिवाळ्यात तात्या गेले. पिंपळाला त्यानंतरही दर वर्षी पालवी आली असणारच. मी पाहिलीही असेल. पण लिहिली नाही.

कारणे पुष्कळ होती. वाडा पाडला, दोन वर्षे भाड्याच्या घरात काढली, मग त्याच जागेवर इमारत उठली आणि आम्ही दुसऱ्या मजल्यावर आलो. पिंपळाला हात लावायची कोणाची छाती झाली नाही, म्हणून तो राहिला. वही मात्र पेटीत गेली ती गेलीच.

तर त्या दिवशी पेटी उघडली. वहीला वास येत होता, पण अक्षर जसेच्या तसे. एकूण बत्तीस ओळी. मी आणि माझी नात मीनू, इयत्ता नववी, वही घेऊन बसलो आणि पहिल्याच घासाला खडा लागला. तात्या दिवसभर कचेरीत इंग्रजी तारखा लिहीत; घरी आल्यावर त्यांना त्यांचा कंटाळा येत असावा. वहीत सगळ्या तिथ्या! एका वर्षी पालवी माघात, तर दुसऱ्या वर्षी थेट फाल्गुन अखेर. कशाला कशाचा मेळ नाही.

"आजोबा, झाडाला तिथी कळते का?" मीनूने विचारले.

कळत नाही, हेच खरे. चांद्रवर्ष सूर्याच्या वर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी लहान. ती तूट साठत जाते आणि अधिकमास आला की भरून निघते. २०२३ साली गुढीपाडवा २२ मार्चला आला. त्याच वर्षी अधिक श्रावण झाला आणि पुढचा पाडवा गेला ९ एप्रिलवर. म्हणजे पंचांगातला वसंत सरळ अठरा दिवस सरकला! झाड बिचारे सूर्याच्या उन्हाने चालते. तिथीने पाहिले तर ते एका वर्षी घाई करते आणि दुसऱ्या वर्षी आळस करते असे वाटायचे.

मीनूने जुन्या पंचांगांवरून बत्तीस तिथ्यांच्या बत्तीस तारखा काढल्या. दोन संध्याकाळी त्यात गेल्या. आणि गंमत अशी, की तारखा मांडताच तो सगळा पसारा आवरला गेला. माघापासून फाल्गुन अखेरपर्यंत भटकणारे झाड फेब्रुवारीचा तिसरा आठवडा ते मार्चचा मध्य एवढ्याच आवारात नांदत होते. आणि आमची २०२५ ची तारीख होती ६ फेब्रुवारी. बत्तिसांच्या बत्तीस वर्षांच्या आधी!

मी विजयी मुद्रेने स्वयंपाकघरात गेलो.

"मामंजी ओट्यावरून बघायचे," सौ. म्हणाली, "तुम्ही दुसऱ्या मजल्यावरून बघता."

काय बोलणार? मुकाट्याने खाली उतरलो. ओटा होता तिथे आता स्कूटरी लावतात. त्यांच्यामध्ये उभा राहून मान वर केली. खालून ते पान दिसायला आणखी तीन दिवस लागले. म्हणजे ९ फेब्रुवारी. तरीही बत्तिसांच्या आधीच!

तिथी-तारखेची ही कसरत करणारे काही आम्हीच पहिले नव्हे, हे मला पुढे वाचनात कळले. जपानात क्योतो नावाचे जुने राजधानीचे शहर आहे. तिथे चेरीचा बहर पाहायला जाण्याची परंपरा थेट नवव्या शतकापासूनची. दरबारी मंडळी, भिक्षू, सरदार आपापल्या रोजनिशीत लिहीत, आज फुले पाहिली, अमक्याकडे मेजवानी झाली. त्यांच्या तिथ्याही चांद्रच. यासुयुकी आओनो या संशोधकांनी अशा रोजनिशा धुंडाळून, तिथ्यांच्या तारखा करून, बाराशे वर्षांची मालिका जुळवली. त्यात २०२१ चा पूर्ण बहर आला २६ मार्चला. त्यापूर्वीच्या कोणत्याही नोंदीत तो इतक्या लवकर आलेला नव्हता. मेजवानीची हकीकत लिहिणाऱ्या त्या दरबाऱ्यांना ठाऊकही नसेल, की आपण हवामानखात्याचे काम करीत आहोत.

दुसरे गृहस्थ इंग्लंडातले. नॉरफोक परगण्यातील जमीनदार रॉबर्ट मार्शम. यांनी १७३६ साली वसंताच्या खुणा टिपायला सुरुवात केली. पहिले फूल कोणते, ओकला पान कधी, कोकिळेच्या जातीचा तो त्यांचा कुक्कू पक्षी कधी ओरडला, बेडूक कधी. अशा सत्तावीस खुणा! हे गृहस्थ १७९७ साली गेले, पण वही बंद पडली नाही. मुलगा, नातू, पणतू असे करीत, मध्ये काही वर्षांचा खंड सोसून, ते घराणे १९५८ पर्यंत लिहीत राहिले. ओकला वसंत उबदार झाला की पान लवकर येते, हे त्या कागदांवरून पुढच्या अभ्यासकांना मांडता आले.

हे वाचून मला अभिमान वाटायला हवा होता. वाटली ती शरम. जमीनदाराच्या नातवापणतवांनी लिहिले, आणि मी, एका कारकुनाचा मुलगा, रोज गॅलरीत चहा पिणारा, वर्षाची एक ओळ लिहू शकलो नाही! त्यातून माझा खंड पडला तोही नेमका कधी? १९९४ ते २०२४. हवा झपाट्याने तापत गेली ती याच एकतीस वर्षांत. तीच वर्षे आमच्या वहीत कोरी.

कोणी म्हणेल, चार दिवस आधी पालवी आली तर कोणाचे काय बिघडले? पिंपळाचे कदाचित नाही. पण रत्नागिरीच्या आमच्या मावसभावाला विचारा. आंब्याला मोहर यायला थंडी लागते, आणि आलेला मोहर टिकायला ऊन बेताचे लागते. दोन्ही बिघडले की कणी गळून झाडाखाली सडा पडतो. २०२२ चा मार्च असाच १९०१ पासूनचा सर्वांत उष्ण मार्च ठरला. उत्तरेत दाणा भरण्याच्या ऐन दिवसांत गहू होरपळला आणि मे महिन्यात सरकारने गव्हाची निर्यात थांबवली. झाडेपिके ऋतूची वेळ चुकली म्हणून तक्रार करीत नाहीत. ती हिशेब आपल्या ताटात पाठवतात.

असा सगळा मी चैत्रात पाहुण्यारावळ्यांना, पन्ह्याबरोबर, व्याख्यान म्हणून पाजीत होतो. एप्रिलात एक दिवस सोसायटीची जमिनीतली टाकी वेळेआधीच रिकामी होऊ लागली. नळवाला आला. त्याने इकडे तिकडे ठोकून पाहिले आणि पाराच्या कडेला खणायला घेतले. दोन हात खाली नळ फुटलेला, भोवती चिखल, आणि त्या चिखलात पिंपळाची मुळे तृप्त होऊन पसरलेली!

"कधीपासून गळतोय हा?" मी विचारले.

"पाच-सहा महिने तरी झाले असतील, काका."

माझ्या व्याख्यानातली हवाच गेली. कारण तोवर मी वाचले होते, की थंड देशांतल्या झाडांच्या कळ्या ऊब मोजतात. आपल्याकडच्या पानगळीच्या झाडांचे तंत्र थोडे निराळे. पाने गाळली की झाडाचा पाण्याचा खर्च थांबतो, खोडात पुन्हा पाणी भरते, दिवस मोठा होत जातो आणि मग ऐन उन्हाळ्यात, पावसाच्या आधीच, पालवी फुटते. मुळाशी पाणी मिळाले तर ती लवकरही फुटते. त्यात पिंपळ म्हणजे स्वतंत्र बाण्याचा. एकाच गल्लीतले दोन पिंपळ एका दिवशी पालवतील याचा भरवसा नाही. मग आमची पालवी उन्हाने आली की नळाने? उष्ण फेब्रुवारीचे श्रेय किती आणि फुटक्या नळाचे किती? मागची एकतीस वर्षे लिहिलेली असती तर काही सांगता आले असते. आता झाड बोलत नाही आणि वही कोरी.

मी वही पेटीत ठेवायला निघालो. मीनूने हात धरला.

"आजोबा, शेऱ्याचा रकाना आहे ना!"

खरेच होते. तात्यांनी तो रकाना कशासाठी आखला होता? पूर, दुष्काळ, पाराचे बांधकाम, जे जे आकड्याची फसवणूक करू शकेल ते ते त्यांनी प्रामाणिकपणे शेजारी लिहून ठेवले होते. मी पेन घेतले. तात्यांच्या १९९३ च्या ओळीखाली एकतीस ओळी मोजून सोडल्या. त्या भरण्याचा मोह झाला, आठवणीने काही तारखा सुचूही लागल्या, पण हात आवरला. मग लिहिले : '९ फेब्रुवारी २०२५, माघ शुद्ध द्वादशी.' आणि शेऱ्यात, 'दुसऱ्या मजल्यावरून ६ रोजी दिसली. महिना फार उष्ण. नळ फुटका, एप्रिलात दुरुस्त.' तात्यांच्या अक्षराखाली माझे अक्षर फारच गबाळे दिसते. पण खाडाखोड नाही.

मीनूने शाळेच्या आवारातला कडुनिंब आपला म्हणून धरला आहे. त्याच्या आसपास नळ नाही, याची तिने शिपाईकाकांकडून आधी खात्री करून घेतली. तिची वही वेगळी आणि तारखा इंग्रजी. कंसात तिथी घालायची, एवढी माझी विनंती तिने मान्य केली आहे.

वाचकहो, तुमच्याही खिडकीतून एखादे झाड दिसत असेल. आंबा असेल, बहावा असेल, कोणाची काटेसावर असेल. तेच झाड, तीच फांदी, वर्षाला एक ओळ. एवढे केले तर तुमच्या नातवंडांवर आमच्यासारखी पाळी येणार नाही. आणि शेऱ्याचा रकाना आखायला विसरू नका.

दिवाळीत व्यापारी नव्या चोपड्यांची पूजा करतात. लक्ष्मीपूजनाच्या पाटावर आमचीही वही ठेवायची असे मीनूने जाहीर केले आहे. सौ.ने वही उलटीसुलटी करून पाहिली आणि म्हणाली, "ठेवा. पण आधी तिला कव्हर घाला."

कागद आणून ठेवला आहे.