मिठीला नदीच म्हणा

आपल्या मुंबईत कुर्ला-धारावीकडे मिठी नदी म्हटले की "तो नाला ना?" असेच ऐकू येते. काळे पाणी आणि नाकाला रुमाल, एवढीच तिची ओळख उरली आहे. पण ज्या पाण्याच्या काठी आपण मुलाबाळांसह राहतो, ते येते कुठून नि जाते कुठे, हे ठाऊक असलेले बरे.

विहार आणि पवई या तलावांचे ओसंडलेले पाणी एकत्र होऊन मिठी बनते. मरोळ, साकीनाका, विमानतळ, कुर्ला, धारावी असा सुमारे १८ किलोमीटरचा रस्ता कापून ती माहीमच्या खाडीला मिळते. ज्या उतारांवरचा पाऊस तिच्याकडे वाहतो, तो सारा मुलूख म्हणजे तिचे पाणलोट क्षेत्र. ते सुमारे ७३ चौरस किलोमीटर आहे. आरे कॉलनीतल्या पावसाच्याही वाटण्या होतात. एका उताराचे पाणी मिठीत, तर दुसऱ्याचे ओशिवरा नदीतून मालाडच्या खाडीत जाते.

आता थोडा हिशेब मांडू. एक चौरस किलोमीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे १० लाख लिटर पाणी. ७३ चौरस किलोमीटरवर ते होते ७ कोटी ३० लाख लिटर, म्हणजे दहा हजार लिटरचे ७,३०० टँकर! काही पाणी मातीत मुरते. पण जिथे सिमेंट झाले तिथे मुरणार कुठे? २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्यात समुद्राला भरती. भरतीचे पाणी खाडीतून वर चढले की नदीच्या पाण्याला बाहेर पडायला वाट मिळत नाही. मग ते घरांत शिरते.

पूर ओसरला की बोट दाखवले जाते झोपडपट्टीकडे. नदीत कचरा टाकू नये, हे खरेच आहे. मुलांना ते घरातच शिकवावे. परंतु विमानतळाची धावपट्टी नदीवरून गेली, वांद्रे-कुर्ला संकुल खाडीकाठच्या दलदलीत भराव टाकून उभे राहिले, कारखान्यांचे सांडपाणी तिच्यातच सोडले गेले. खतावणीत सारा खर्च एकाच्याच नावे टाकला, तर ताळेबंद जुळेल कसा?

तेव्हा एवढे करावे. मुलांना नकाशावर विहारपासून माहीमपर्यंत बोट फिरवायला लावावे. वस्तीत पुराचे पाणी भिंतीवर कुठवर चढले, याची खूण तारखेसह करून ठेवावी. पावसाळ्याआधी गाळ काढण्यासाठी वॉर्ड ऑफिसात सह्यांचा अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. त्या अर्जात 'नाला' हा शब्द लिहू नये. 'मिठी नदी' असेच लिहावे. नाल्याचे काम गाळ उपसला की संपते. नदी म्हटले की डोंगरापासून खाडीपर्यंत सर्वांनाच जाब विचारता येतो.