मागील बाकी पुढे

नव्या वर्षाची वही कितीही कोरी असली, तरी तिच्यातील पहिली नोंद मागील वर्षाच्या बाकीची असते. येणे येणेच राहते आणि देणे देणेच. ही बाकी पुढे न ओढता जुन्याच नावाने नवा हिशेब मांडणाऱ्या व्यापाऱ्याच्या वहीवर कोणी विश्वास ठेवीत नाही. चित्रपटांच्या उत्तरभागांनाही हीच कसोटी लावून पाहण्यासारखी आहे. एखादा चित्रपट चालला, की त्याच्या नावापुढे दोनचा आकडा लागण्यास हल्ली विलंब होत नाही. परंतु पहिल्या भागाच्या नावलौकिकावर थाटलेले नवे दुकान वेगळे आणि त्याच माणसांचे पुढील आयुष्य वेगळे.

सर्वांच्या परिचयाचे उदाहरण मुन्नाभाईचे आहे. 2003 साली आलेल्या ‘मुन्नाभाई एम.बी.बी.एस.’च्या अखेरीस मुन्नाचा विवाह डॉ. सुमनशी होतो. 2006 च्या ‘लगे रहो मुन्नाभाई’मध्ये मात्र तो पुन्हा अविवाहित असून जान्हवी नावाच्या रेडिओ निवेदिकेच्या प्रेमात पडतो. सुमनचा त्यात उल्लेखही नाही. हा दुसरा चित्रपट रंजक आहे, गांधीविचार सामान्य प्रेक्षकापर्यंत नेण्याचे श्रेयही त्याचे आहे. तरीही ती मुन्ना आणि सर्किट या आवडत्या जोडीची नवी गोष्ट होय. पहिल्या गोष्टीत जे घडले, त्याचे ओझे दुसरीत कोणाच्याही खांद्यावर नाही.

याच्या दुसऱ्या टोकाला सत्यजित राय यांची अपूची चित्रत्रयी उभी आहे. ‘पथेर पांचाली’ 1955 साली, ‘अपराजितो’ 1956 साली आणि ‘अपूर संसार’ 1959 साली प्रदर्शित झाला. तिन्ही चित्रपट बिभूतिभूषण बंद्योपाध्याय यांच्या दोन कादंबऱ्यांवर आधारलेले आहेत. विशेष असे, की पहिला चित्रपट करताना राय यांच्या मनात चित्रत्रयीची योजना नव्हती. पहिल्याला यश लाभले, म्हणून दुसरा झाला. म्हणजे यशामागून उत्तरभाग येणे हा काही दोष नव्हे. त्या यशाचे भांडवल कशात गुंतवले, हा खरा प्रश्न आहे. राय यांनी ते काळात गुंतवले. तीन चित्रपटांत मिळून चार नटांनी अपूची भूमिका केली आणि खेड्यातील बालक प्रेक्षकांसमोर विद्यार्थी, पती व पिता झाला.

परंतु या उत्तरभागांनी सर्वाधिक वाढवले, ते अपूच्या आईचे, सर्वजयेचे पात्र. पहिल्या चित्रपटात ती दारिद्र्याने कावलेली गृहिणी आहे. घरातील निराधार वृद्धा इंदिर ठाकरुण हिला ती बोलून बोलून घराबाहेर काढते आणि ती म्हातारी बांबूच्या बनात एकाकी मरते. मुलगी दुर्गाही जाते आणि उरलेले कुटुंब गाव सोडते. दुसऱ्या चित्रपटात काशीच्या मुक्कामी पती हरिहरचे निधन होते. सर्वजया एका श्रीमंत घरी स्वयंपाकीण म्हणून राहते आणि पुढे मुलाला घेऊन मनसापोता या खेड्यात येते. तेथे अपूने वडिलांप्रमाणे पौरोहित्य करावे, अशी व्यवस्था होते. तो ते शिकतोही, पण त्याला शाळेची ओढ लागते. शिष्यवृत्ती मिळवून तो कोलकात्याला निघतो, तेव्हा आईला ते रुचत नाही, तरी अखेर तीच त्याची तयारी करून देते. तो दिवसा महाविद्यालयात शिकतो, रात्री छापखान्यात काम करतो. सुट्या कमी होतात, पत्रे त्रोटक होतात. आई आपले आजारपण त्याच्यापासून लपवते. इंदिर ठाकरुणला घराबाहेर घालवणारी ही स्त्री शेवटी स्वतःच वाट पाहत बसलेली एकाकी स्त्री होते. हे साम्य चित्रपट बोलून दाखवीत नाही. ज्याने पहिला भाग पाहिला आहे, त्याच्या मनात ते आपोआप जुळते आणि पहिल्या भागातील तिच्या कठोरपणाकडेही तो वेगळ्या नजरेने पाहू लागतो.

बंगालमधील प्रेक्षकांनी ‘अपराजितो’ला पहिल्या चित्रपटासारखा प्रतिसाद दिला नाही. आई-मुलाचे असे नाते पाहणे त्यांना अवघड गेले. मातृभक्त पुत्राची सवय असलेल्या प्रेक्षकाला आईपासून हळूहळू सुटत जाणारा मुलगा सोसवत नव्हता. मूळ कादंबरीकाराने तर त्याहून पुढे जाऊन, आईच्या मृत्यूची वार्ता ऐकताच अपूला क्षणभर सुटकेचा आनंद झाल्याचे लिहिले आहे. 1957 साली याच चित्रपटाला व्हेनिसच्या महोत्सवात सुवर्णसिंहाचा सर्वोच्च पुरस्कार मिळाला. एक प्रसंग मात्र विसरता येत नाही. सुट्टी संपवून निघालेला अपू स्थानकावर पोहोचतो, गाडी येते, आणि तो तिच्यात न चढता घरी परततो. गाडी चुकली, असे तो आईला सांगतो. मुलगा दुरावला आहे आणि त्याचे प्रेमही आटलेले नाही, या दोन्ही गोष्टी त्या एका खोट्या कारणात सामावतात.

आगगाडीची नोंद तर तिन्ही भागांत पुढे ओढलेली आहे. पहिल्या भागात काशफुलांच्या रानातून धावणाऱ्या भावंडांना ती नवल वाटते. दुसऱ्यात दूरवर दिसणारी गाडी म्हणजे मुलगा येईल ही आईची आशा. तिसऱ्यात अपू कोलकात्यात रेल्वेच्या रुळांलगत भाड्याच्या खोलीत राहतो, तेथे तिच्या शिट्टीने त्याची नवी पत्नी अपर्णा कान झाकून घेते. अपर्णा बाळंतपणात दगावल्यावर तो मरणाच्या विचाराने त्याच रुळांजवळ जाऊन उभा राहतो. शेवटी न पाहिलेल्या मुलासाठी, काजलसाठी, तो खेळण्यातली आगगाडी घेऊन जातो आणि मुलगा ती भिरकावून देतो. वस्तू एकच, पण आयुष्यागणिक तिची किंमत बदलत गेली.

पित्याचा हिशेबही असाच चालतो. हरिहर मिळकतीसाठी परगावी गेलेला असताना दुर्गा मरण पावते. तो तिच्यासाठी साडी घेऊन परततो, तेव्हा ती घेणारी उरलेली नसते. अपू तर पत्नीच्या मृत्यूचा दोष मनोमन मुलाच्या माथी मारून पाच वर्षे त्याचे तोंडही पाहत नाही. परंतु तो परततो, तेव्हा मुलगा जिवंत आहे, ओळख मात्र नाही. काजल त्याला वडील म्हणून स्वीकारीत नाही. कोलकात्याच्या वडिलांकडे नेणारा मित्र म्हणून त्याच्याबरोबर निघतो. हरिहरला न मिळालेली संधी अपूला मिळते, तीही अशी अर्धीमुर्धी.

चित्रपट येथे संपतो. अपूने पौरोहित्य पत्करले असते, तर आई एकटी मेली नसती, आणि शाळा सोडली असती, तर तो अपू राहिला नसता. राय यांनी यांपैकी कोणत्याही बाजूने निकाल दिलेला नाही. ज्या घरांत वडिलांच्या गादीवर बसायचे की आपला मार्ग धरायचा, हा प्रश्न दर पिढीत नव्याने निघतो, तेथे हे तीन चित्रपट ज्येष्ठांनी आणि तरुणांनी एकत्र बसून पाहावेत. मधला चित्रपट संपल्यावर काही वेळ कोणी बोलणार नाही. त्यानंतर जे बोलणे होईल, ते कदाचित बरेच दिवस राहून गेलेले असेल.