चतुर्थीचा उपयोग

विभक्ती माणसाच्या उपयोगी पडतात, असे मी गेली एकोणीस वर्षे वर्गात सांगत आलो आहे. त्यावर एकाही विद्यार्थ्याचा विश्वास बसल्याचे मला दिसले नाही. खरे सांगायचे तर माझाही नव्हता. पण गेल्या श्रावणात चतुर्थी विभक्ती माझ्या मदतीला धावून आली, आणि मी तिचा जन्माचा ऋणी झालो.

सकाळचा चहा हातात होता. आमच्या विभागातल्या एका बाईंचा फोन आला.

"सर, बरे आहात ना?"

"का हो?"

"तुमची ईमेल आली आहे. तुम्ही म्हणे परगावी इस्पितळात आहात, फोनवर बोलता येत नाही, पंधरा हजार रुपये हवे आहेत. आणि खाली लिहिले आहे, 'कृपया माझी मदत करा.' सर, तुम्ही शेवटच्या घटकेलासुद्धा 'माझी मदत करा' असे लिहिणार नाही. म्हणून फोन केला."

मराठीत मदत 'मला' करायची असते. 'माझी' करतात ती हिंदीत. चोर चतुर्थीवर घसरला आणि षष्ठीवर पडला!

मी धावत जाऊन टपालपेटी उघडली. सारे जिथल्या तिथे. ओळखीच्या दीडशे माणसांना माझ्या नावाने पत्रे गेली होती म्हणतात, पण त्यांतल्या एकाचेही उत्तर आलेले नव्हते. मी पासवर्ड बदलला आणि स्वतःवर खूश होऊन कॉलेजात गेलो.

संध्याकाळी भाचा आला. तो संगणकाच्याच धंद्यात आहे. पेटीच्या सेटिंगमध्ये शिरून त्याने दाखवले, की चोराने तिथे एक नियम घालून ठेवला होता: येणारी उत्तरे परस्पर कचरापेटीत टाकावीत आणि प्रत्येक पत्राची एक प्रत भलत्याच पत्त्यावर धाडावी. म्हणजे पासवर्ड बदलल्यावरही माझी पत्रे दिवसभर त्याच्याकडे जातच होती. मी पुढच्या दाराचे कुलूप बदलले होते. मागच्या भिंतीचे भगदाड तसेच होते.

"मामा, पासवर्ड काय होता?"

मी गप्प बसलो. सौ.नेच सांगून टाकले, "आमच्या लग्नाची तारीख. दुसरी कुठली तारीख ह्यांच्या लक्षात राहते?"

पण चोराने तारीख ओळखली नव्हती. मीच ती त्याच्या हाती दिली होती. तीन दिवसांपूर्वी 'तुमची टपालपेटी भरली आहे' अशी सूचना आली होती. पेपरांच्या गठ्ठ्यातून मान वर न काढता मी तिच्यातली लिंक दाबली आणि समोर आलेल्या पानावर इमानेइतबारे पासवर्ड लिहिला. पान अगदी नेहमीसारखे होते. वरचा पत्ता तेवढा निराळा होता, पण पाकिटावरचा शिक्का कोण वाचतो?

आता सगळीकडे वेगवेगळे पासवर्ड केले आहेत. २०१३ साली 'याहू'ची एकूण एक, म्हणजे तीनशे कोटी खाती फुटली होती. एका जागचा पासवर्ड चोरीला गेला, की चोर तोच दुसऱ्या दारांना लावून बघतात. शिवाय पासवर्डानंतर फोनवरच्या आकड्याचा दुसरा अडसर घातला. पेटीला जोडलेला फोन नंबर मी सहा वर्षांपूर्वीच सोडून दिलेला निघाला! सोडलेला नंबर कंपनी पुढे दुसऱ्या गिऱ्हाइकाला देते. आणि कॉलेजच्या प्रयोगशाळेतल्या एका संगणकावर माझी पेटी कधीपासून सताड उघडी होती, तेही त्या दिवशी कळले.

"विजेचे बिल, रेल्वेचे तिकीट, फोटो, कशाचाही पासवर्ड विसरलात तर नवा करायची चिठ्ठी कुठे येते?" भाच्याने विचारले. या पेटीतच! मी जिला पत्रांची पेटी समजत होतो, तिच्यात घरच्या साऱ्या किल्ल्यांचा जुडगा होता.

पण मला झोप लागली नाही ती किल्ल्यांमुळे नव्हे. त्या पेटीत सौ.च्या तपासण्यांचे कागद होते. वडिलांच्या मृत्युपत्राचा मसुदा होता. गावच्या घराबद्दल धाकट्या भावाला रागाच्या भरात लिहिलेले एक पत्र होते. ते मी सौ.लाही दाखवलेले नाही. माझ्या नावाने आलेले आंतर्देशीय पत्र वडील देवघराच्या कोनाड्यात ठेवीत, मी येईपर्यंत त्याला हात लावीत नसत. त्याच घरातले हे पत्र कुणा परक्याने वाचले असेल का? त्याचे मराठी कच्चे आहे, एवढाच काय तो दिलासा.

सौ.ला नवा पासवर्ड मी सांगितलेला नाही, आणि तिनेही विचारला नाही. अडीअडचणीला लागणारे राखीव आकडे कागदावर लिहून, पाकीट चिकटवून कपाटात ठेवले आहे, हे मात्र तिला ठाऊक आहे.

चौथ्या दिवशी एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला, प्रकृतीची चौकशी करायला. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे बिचारा. त्याने पंधरा हजार पाठवले होते. १९३० या सरकारी क्रमांकावर लगेच तक्रार नोंदवली. पण ती पैसे गेल्याबरोबर करायची असते. चार दिवसांत ते कुठच्या कुठे गेले होते.

"अरे, तू माझा विद्यार्थी! 'माझी मदत करा' हे तुला खटकले नाही?"

"खटकलं ना, सर," तो म्हणाला. "म्हटलं, सरांच्या हातून अशी चूक होते, म्हणजे दुखणं फारच मोठं असणार."

भाऊबिजेच्या दुसऱ्या दिवशी तो फराळाला यायचा आहे. पैसे घेणार नाही म्हणतो. मी ते पाकिटात घालून ठेवले आहेत. आणि पाकीट चिवड्याच्या डब्यात घालून द्यायचे, असे सौ.ने ठरवले आहे.